चिलापीची कातडी

भिगवणच्या मासळी बाजारात मी उजनीच्या चिलापीसाठी जातो, पण खाण्यासाठी नव्हे. खवले काढून अख्खी कातडी सोलून द्या म्हटलं की मावशी विचारतात, ‘‘दादा, कातड्याचं काय करता?’’ मी ती दोन्ही हातांनी ताणून दाखवतो. सहजी फाटत नाही.

याच चिलापीची, म्हणजे तिलापियाची, कातडी ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरात डॉ. एदमार मासिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर बसवली. तिथे मानवी त्वचेच्या पेढ्या मोजक्याच. कातडी क्लोरहेक्सिडिनने धुतात, ग्लिसरॉलमध्ये मुरवतात आणि किरणोत्सर्गाने निर्जंतुक करतात. वरवरच्या जखमेला ती इतकी घट्ट चिकटते की खाली नवी त्वचा येईपर्यंत बहुधा हलवावी लागत नाही. माझ्या आत्याची पट्टी रोज सोडली जायची तेव्हा मी जळीत कक्षाबाहेर बसलेलो असायचो. ते आवाज मी विसरलेलो नाही, म्हणून पट्टी न सोडण्याचं मोल मला फार वाटतं. मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरली, त्यामागेही हीच कळकळ होती. २०१७च्या कॅलिफोर्नियातल्या वणव्यात होरपळलेल्या अस्वलांच्या पंज्यांवरही पशुवैद्यांनी तिलापियाची कातडी शिवली आणि वरून मक्याची सालं गुंडाळली!

कातडीला ही ताकद देतं ते कोलॅजन नावाचं प्रथिन. उपचारांत गाय-डुकराचं कोलॅजन पूर्वीपासून वापरात आहे. पण गायींच्या मेंदूरोगाची भीती आणि धार्मिक अडचणी यांमुळे नजर माशांकडे वळली. एवढं पुरे, कारण मला ओढ आहे ती कोलॅजनच्या पिळाची.

तीन साखळ्या एकमेकींत वळलेल्या, दोरीसारख्या. ही रचना १९५४ मध्ये मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली, कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधावर क्ष-किरण टाकून! प्रत्येक साखळीत दर तिसरा दुवा ग्लायसीन या छोट्या अमिनो आम्लाचा, कारण आतल्या अरुंद जागेत दुसरं काही मावतच नाही. हा पीळ घट्ट राहतो तो मुख्यतः हायड्रॉक्सिप्रोलीन या दुसऱ्या अमिनो आम्लामुळे, आणि ते किती असावं हे माशाच्या पाण्याचं तापमान ठरवतं. थंड समुद्रातल्या कॉडमध्ये ते कमी, म्हणून त्याचं विरघळवलेलं कोलॅजन सुमारे १५ अंशांवरच उलगडू लागतं. कोमट पाण्यातल्या चिलापीचं त्याहून बरंच जास्त उष्णता सोसतं. आइसलँडच्या केरेसिस कंपनीने म्हणूनच कॉडचं कोलॅजन वेगळं न काढता पेशी धुऊन टाकलेली अख्खी कातडीच जखमांवर वापरली, असं मला वाटतं. विणलेला धागा सुट्या धाग्यापेक्षा जास्त तग धरतो.

कोलॅजन वेगळं काढताना मी एकदा एका प्रयोगशाळेत उभा होतो. खोली ४ अंशांवर, सगळे स्वेटर घालून. कातडी आधी सौम्य कॉस्टिक सोड्यात ठेवली, मग पातळ अ‍ॅसिटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरच्याच आम्लात, ती फुगून लगद्यासारखी झाली. गाळलेल्या द्रवात मीठ पडताच पांढरे तंतू वर आले. ते धुऊन, गोठवून निर्वातात वाळवले की कापसाहून हलका स्पंज उरतो. त्याचा तुकडा तळहातावर घेतला तेव्हा वजनच जाणवेना. हाच स्पंज नंतर साखळ्या पक्क्या जोडून औषध धरून ठेवायला किंवा पेशी वाढवायला वापरता येतो.

हे सगळं मी मावशींना सांगितलं होतं. गेल्या खेपेला गेलो तेव्हा त्यांनी न मागता सहा कातड्या बर्फात झाकून ठेवल्या होत्या.