आवाजाने मोजलेली हवा

पारा चाळिशीपार गेला की दिल्लीतल्या मुंगेशपूरचा विषय पुन्हा निघतो. 29 मे 2024 रोजी तिथल्या स्वयंचलित केंद्राने 52.9 अंश दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. मग हवामान खात्याने तपासणी केली आणि तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत असल्याचं जाहीर केलं. चर्चा तिथेच थांबली. माझ्या मते ती तिथून सुरू व्हायला हवी होती.

कारण कोणताही तापमापक आधी स्वतःचंच तापमान सांगतो. त्यावर ऊन पडलं, पेटीत वारा खेळला नाही, शेजारचं काँक्रीट तापलं, तर हे सगळं आकड्यात उतरतं. मग हवेचं तापमान हवेलाच विचारता येणार नाही का? येतं, आणि तेही ध्वनीच्या मदतीने.

गरम हवेत आवाज वेगाने धावतो, हे शाळेत झालेलं आहे. शून्य अंशाला सेकंदाला 331 मीटर, चाळीस अंशाला सुमारे 355. गंमत पुढे आहे. सॉनिक अ‍ॅनिमोमीटर नावाच्या उपकरणात बोटभर आकाराचे दोन सेन्सर साधारण 15 सेंटिमीटर अंतरावर समोरासमोर बसवलेले असतात. आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी एक सोडतो, दुसरा पकडतो; लगेच उलट दिशेने तेच. प्रवाहाबरोबर पोहणारा लवकर पोचतो आणि उलटा पोहणारा उशिरा, तसंच इथे होतं. दोन्ही वेळांच्या फरकातून वाऱ्याचा वेग मिळतो. दोन्ही एकत्र धरले की वारा गणितातून निघून जातो आणि ध्वनीचा निव्वळ वेग, म्हणजेच तापमान, उरतं. 27 अंशाच्या हवेत एवढं अंतर कापायला ध्वनीला सुमारे 432 मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला एक मीटर वाऱ्याने दोन दिशांच्या वेळांत अवघा अडीच मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. एका अंशाने हवा तापली तर प्रवासाची वेळ पाऊण मायक्रोसेकंदाने घटते. एवढं बारीक मोजमाप हे यंत्र सेकंदाला दहा-वीस वेळा करतं.

इथे जगदीशचंद्रन कैमल यांचं नाव घ्यायलाच हवं. भारतात जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या या शास्त्रज्ञाने योस्ट बुसिंगर यांच्यासोबत 1963 मध्ये अशा उपकरणावर शोधनिबंध लिहिला. पुढे 1968 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये, गहू कापून झालेल्या सपाट रानात, कैमल आणि सहकाऱ्यांनी 32 मीटर उंच मनोऱ्यावर तीन उंचींवर सॉनिक लावले. त्यांना नुसतं तापमान नको होतं. वर जाणारा प्रत्येक झोत खाली येणाऱ्या झोतापेक्षा किती गरम आहे, हे त्याच जागी, त्याच क्षणी हवं होतं. वेग आणि तापमान यांचा गुणाकार केला की जमीन हवेला किती उष्णता देते, ते कळतं. जमिनीलगतच्या हवेची गणितं हवामानाची प्रारूपं आजही ज्या सूत्रांनी करतात, त्यांतल्या बऱ्याच सूत्रांना त्या रानातल्या मोजणीचा आधार आहे. आपल्याकडे कैमल हे नाव विद्यार्थ्यांना सोडा, शिक्षकांनाही क्वचितच ठाऊक असतं, याचं वाईट वाटतं.

आपल्याकडेही हे काम झालं. 1990 च्या माँटब्लेक्स मोहिमेत कोरड्या जोधपूरपासून ओल्या खरगपूरपर्यंत मान्सूनच्या कमी दाबाच्या पट्ट्यात मनोरे उभारले गेले. 2015-16 च्या हिवाळ्यापासून पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने दिल्ली विमानतळावरच्या धुक्याचा अभ्यास सुरू केला, त्यातही सॉनिक आहे.

उणिवा आहेतच. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे आवाज तिच्यात थोडा जास्त वेगाने जातो. मुंबईच्या पावसाळी हवेत सॉनिकचं तापमान खऱ्यापेक्षा तीनेक अंश जास्त येऊ शकतं. आर्द्रता वेगळी मोजून ते सुधारावं लागतं. सेन्सरवर थेंब बसला तर वाचनच बिघडतं. म्हणजे मुंगेशपूरला नुसतं सॉनिक लावून प्रश्न सुटला नसता. नेमकेपणाने कमाल तापमान नोंदवायला झडपांच्या पेटीतला नीट तपासलेला तापमापकच बरा. सॉनिकची ताकद बदल टिपण्यात आहे.

जिथे तापमापकच हार मानतो, तिथे मात्र ध्वनीला तोड नाही. औष्णिक वीजकेंद्राच्या भट्टीत हजार अंशांपुढच्या वायूत थर्मोकपल धरला, तर तो स्वतःची उष्णता आजूबाजूच्या थंड भिंतींकडे फेकतो आणि कमी आकडा सांगतो. ध्वनी या भिंतीतून त्या भिंतीकडे सोडला की वाटेतल्या वायूचं सरासरी तापमान हाती येतं. अनेक वाटा घेतल्या तर भट्टीचा नकाशाच तयार होतो. मंगळावरही हेच झालं. पर्सिव्हिअरन्स गाडीचं लेझर खडकावर आदळलं की टक् असा आवाज होतो. तो मायक्रोफोनपर्यंत किती वेळात पोचला, यावरून तिथे ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 250 मीटर असल्याचं 2022 मध्ये प्रसिद्ध झालं आणि जमिनीलगतच्या हवेचं तापमान क्षणाक्षणाला कसं हलतं, तेही कळलं.

आपली शहरं मात्र अजून एकाच आकड्यावर चालतात: आज कमाल किती? डांबर, काँक्रीट आणि पत्र्याची छपरं दुपारी साठवलेली उष्णता रात्री किती वेळ हवेत सोडत राहतात, हे त्या आकड्यातून कधीच कळणार नाही. आणि चाळीत, झोपडपट्टीत राहणाऱ्याला त्रास होतो तो त्या रात्रीचाच. उष्णता कृती आराखडे करणाऱ्या महापालिकांनी दाट वस्तीत निदान एकेक सॉनिक लावलेला मनोरा मागावा. असे मनोरे उभारण्याचा आणि त्यांची नोंद वाचण्याचा अनुभव असलेली माणसं पुण्यातच आहेत.