तेरड्याची गौर

भाद्रपदाच्या शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्र लागले की घरोघरी ज्येष्ठा गौरीचे आवाहन होते. कोठे पितळी वा शाडूचे मुखवटे बसवितात, कोठे पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे आणून त्यांनाच गौर मानतात. कोकणात मात्र अनेक घरी गौर येते ती तेरड्याच्या रूपाने. मुळांसकट उपटून आणलेल्या फुलत्या रोपांची जुडी बांधावयाची, तिला लुगडे नेसवावयाचे, मुखवटा लावावयाचा, आणि तीच तीन दिवसांची माहेरवाशीण. मुळे म्हणजे गौरीची पावले, अशी श्रद्धा. म्हणून ती कापावयाची नाहीत.

मुखवटे वर्षभर पेटीत जपून ठेवता येतात. ही जुडी मात्र दरवर्षी नव्याने बांधावी लागते, आणि ती बांधणारा हात घरात असावा लागतो. सासूबाईंच्या पश्चात पहिल्याच वर्षी हे आम्हांस उमगले. जुडी सुटू नये म्हणून आम्ही ती नायलॉनच्या दोरीने करकचून आवळली. दुसऱ्या दिवशी, ऐन पूजेच्या सकाळी पाहतो तो दोरीखालचे देठ चेंबून मोडलेले, आणि लुगड्याच्या आत गौर एका अंगाला कललेली! घरातले कोणी काही बोलले नाही. शेजारच्या वृद्ध काकूंनी तेवढे हलकेच विचारले, "सोपट नव्हतं का गं घरात?"

काकूंच्या त्या एका प्रश्नात सारे आले होते. तेरड्याचे खोड पाण्याने भरलेले, काकडीसारखे कुरकुरीत. बारीक दोरी त्यात रुतते. केळीचे सुकलेले सोपट घटकाभर भिजवून त्याची दोन बोटे रुंदीची पट्टी काढली की ती देठांना न दुखविता धरून ठेवते. पट्टीखाली करंगळी शिरेल इतपतच आवळावे.

बांधण्याची रीत काकूंनीच मग आम्हांस शिकविली. रोपे पावसाने जमीन ओली असताना, खोडाला अगदी मातीलगत धरून, हलके हलवून उपटावीत; वरून ओढल्यास खोड हाती येते आणि मुळे जमिनीतच राहतात. आणताना मुळे ओल्या फडक्यात असावीत. घरी आल्यावर माती धुऊन खालच्या अर्ध्या भागातील पाने काढावीत, एरवी ती आत कुजतात. मग सर्वांत उंच व सरळ रोप डाव्या हाताच्या मुठीत उभे धरावे आणि उजव्या हाताने एकेक रोप लावीत जावे. प्रत्येक रोप आधीच्या रोपावर किंचित तिरके, आणि तिरकेपणाची दिशा शेवटपर्यंत एकच. ही दिशा मध्येच बदलली की देठ एकमेकांत अडकून मोडतात. जुडी मुठीतच थोडी थोडी फिरवीत राहिल्यास माथ्यावर फुलांचा घेर आपोआप पसरतो, कमर बारीक राहते आणि तळाशी मुळे फाकून जुडीला बैठक मिळते. मध्ये आघाड्याच्या डहाळ्या व दूर्वा, बाहेरून हळदीची पाने. एक बंध कमरेला, दुसरा मुळांच्या वर वीतभर. मुळे पाण्याच्या तांब्यात राहिली म्हणजे तिसऱ्या दिवसापर्यंत गौरीचा चेहरा उतरत नाही.

काही भागांत कळलावीची लाल-पिवळी फुलेही गौरीला वाहतात. त्यांना गौरीचे हात म्हणतात. फूल मोठे देखणे, पण ते झाड विषारी आणि त्याचा कंद तर अतिशय घातक. लेकरांच्या हाती ते देऊ नये.

'तेरड्याचा रंग तीन दिवस' असे आपण चंचल माणसाला हिणवून म्हणतो. आम्हांस ही म्हण तेरड्यावर अन्याय करणारी वाटते. अनुराधेला यावे, ज्येष्ठेला पूजा घ्यावी, घावन-घाटल्याचा नैवेद्य स्वीकारावा आणि मूळ नक्षत्रावर निघावे, असा जिचा मुक्कामच तीन दिवसांचा, तिने याहून टिकाऊ फूल कशासाठी निवडावे?

शहरात आता तेरड्याच्या जुड्या बाजारात मिळतात. घाईत उपटलेल्या असल्याने पुष्कळदा त्यांची मुळे तुटलेली असतात. घेताना फडके बाजूस सारून पाहावे. रानातून स्वतः आणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाळावी. तेरडा वर्षायू आहे. पावसात उगवतो आणि पावसाळा सरल्यावर वाळून जातो. पुढील वर्षी तो उगवावयाचा तो बियांतूनच. एकाच बांधावरचा सारा ताटवा बोंडे पिकण्यापूर्वी उपटला, तर पुढल्या भाद्रपदात तेथे गौर मिळावयाची नाही. दाट ठिकाणची रोपे विरळ करावीत आणि बोंडे धरलेली तशीच उभी ठेवावीत. पिकलेल्या बोंडाला बोट लागताच ते फुटून बी दूरवर उडते, हे लहानपणी कोणी अनुभवले नाही!

विसर्जनाच्या दिवशी मुखवटा, लुगडे व दागिने उतरवून घेतात आणि जुडी पाणवठ्यावर नेतात. परतताना ओंजळभर वाळू आणून घरात व परसातील झाडांवर टाकण्याची चाल आहे. काकूंच्या सांगण्यावरून आम्ही त्याआधी जुडीतील पिकलेली बोंडे काढून घेतो आणि वाळूबरोबर विहिरीच्या कडेला टाकतो. यंदाची गौर आम्ही तेथूनच आणली.