दुकानाचा नंबर कस्टमरच्या मशीनवर: कुठे लावायचा आणि कुठे नाही



बॅचमध्ये हा प्रश्न दर वेळी येतो. "सर, रिपेअर करून दिलेल्या लॅपटॉपवर आपल्या दुकानाचा स्टिकर लावायचा का?" माझं उत्तर, हो, लावायचा. पण त्यात मी दोन चुका केल्या आणि दोन्ही महागात पडल्या. त्या तुम्ही करू नका, म्हणून हा लेख.

स्टिकर नक्की कशासाठी?

आपल्या धंद्याची गंमत अशी की काम चांगलं केलं तर कस्टमर वर्षभर फिरकत नाही. मग एके दिवशी मशीन चालू होत नाही. तेव्हा त्याला तुमचं दुकान आठवतं, पण नाव आठवत नाही. बिल कुठे गेलं माहीत नाही. मग तो मोबाईलवर 'लॅपटॉप रिपेअर नाशिक' टाकतो आणि जो पहिला दिसेल त्याला फोन लावतो. तुम्ही केलेल्या चांगल्या कामाचा फायदा दुसऱ्याला!

स्टिकर आहे तो या एका क्षणासाठी. रस्त्यावरच्या लोकांनी बघावा म्हणून नाही, तर मशीन बंद पडल्यावर मालकाला नंबर सापडावा म्हणून. हे डोक्यात पक्कं बसलं की साइज, जागा, मजकूर सगळं आपोआप ठरतं.

माझी पहिली चूक: नंबर दुसऱ्याचा

दुकान सुरू केलं तेव्हा साइटवर जायला एक मुलगा ठेवला होता. हुशार मुलगा. कस्टमरचे फोन तोच घ्यायचा, म्हणून स्टिकरवर नाव आणि लोगो माझा, पण मोबाईल नंबर त्याचा छापला. पाचशे स्टिकर. दोन वर्षांत बहुतेक सगळे लागले.

मग त्यानं स्वतःचं काम सुरू केलं. सहा महिन्यांनी पंचवटीतल्या एका दवाखान्यात मी माझ्याच कामासाठी गेलो होतो. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर माझा स्टिकर दिसला. सहज विचारलं, "मॅडम, मशीन नीट चालतंय ना?" त्या म्हणाल्या, "हो सर, मागच्याच महिन्यात एसएसडी टाकून घेतली. तुमच्याच नंबरवर फोन केला होता, मुलगा येऊन करून गेला."

त्या मुलाला मी दोष देत नाही. फोन आला, तो गेला. नंबर मीच छापला होता.

तेव्हापासूनचा नियम: स्टिकरवरचा नंबर दुकानाचा, आणि सिम मालकाच्या नावावर. तो नंबर कोणाच्याही खिशात जात नाही, काउंटरवरच्या फोनमध्ये राहतो. कंपनी बदलायची असेल तर नंबर पोर्ट करा. ती सोय २०११ पासून देशभर आहे. आणि रिचार्ज चुकवू नका. बरेच महिने पडून राहिलेला नंबर कंपनी बंद करते आणि पुढे दुसऱ्याला देऊ शकते. स्टिकर मात्र मशीनवर तसाच असतो.

स्टिकर कसा करायचा?

साइज ५० × २५ मिलिमीटरच्या आसपास पुरे. मजकूर चारच ओळींचा: दुकानाचं नाव, काय काम करतो, नंबर, भाग. उदाहरणार्थ 'सातपूर, नाशिक'. नंबर सगळ्यात मोठा.

बिलाच्या थर्मल प्रिंटरवर स्टिकर काढू नका. तो कागद उष्णतेनं काळा पडतो किंवा अक्षरं उडतात, आणि लॅपटॉपचा खालचा भाग तर गरमच असतो. प्रिंटिंगवाल्याला विनाइल आणि वर लॅमिनेशन सांगा. एका स्टिकरला दोन-तीन रुपये धरले तरी एक परत आलेला कस्टमर सगळा खर्च भरून काढतो.

क्यूआर टाकायचा असेल तर जपून. फुकटच्या वेबसाइटवर बनवलेले काही क्यूआर आधी त्यांच्या सर्व्हरवर जातात. ट्रायल संपली की क्यूआर बंद आणि तुमचे हजार स्टिकर वाया. व्हॉट्सअॅप बिझनेसमधून निघणारा तुमच्या नंबरचा क्यूआर वापरा, आणि छपाईआधी दोन-तीन वेगवेगळ्या मोबाईलवर स्कॅन करून बघा.

कुठे लावायचा?

आपल्या नाशिकच्या भांडी बाजारातून तांब्या घेतला की त्यावर नाव घालून देतात. नाव कोणाचं? देणाऱ्याचं किंवा घेणाऱ्याचं. दुकानाचा शिक्का असलाच तर बुडाला. आपणही तेच करायचं.

- लॅपटॉप: खालच्या बाजूला. हवेच्या जाळ्या, स्क्रू आणि सिरीयल नंबर झाकायचा नाही. झाकणावर आणि कीबोर्डजवळ तर नाहीच.
- डेस्कटॉप: कॅबिनेटच्या बाजूला किंवा वर, जिथे वाकून बघावं लागणार नाही.
- प्रिंटर: टोनरचं झाकण उघडल्यावर आत दिसेल असा. टोनर संपला की तिथेच नजर जाते.
- अॅडॉप्टर: गरम होतो, कंपनीचं लेबल महत्त्वाचं. सोडून द्या.

विकलेल्या रॅम किंवा एसएसडीवर तारखेचं छोटं सील लावा, वॉरंटीचा वाद टळतो. पण कस्टमरच्या लॅपटॉपच्या स्क्रूवर सील लावून 'दुसऱ्याकडे उघडलं तर बघा' असं करू नका. मशीन त्याचं आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, ते याच विचारातून.

विंडोजच्या आत नंबर

सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट या पानावर सपोर्टची माहिती दाखवायची सोय विंडोजमध्ये आहे. एक्सपीच्या काळात त्यासाठी 'ओईएमइन्फो' नावाची फाइल बनवायला लागायची. आता रजिस्ट्रीत 'ओईएमइन्फर्मेशन' नावाची की असते. त्यात मॅन्युफॅक्चरर, सपोर्टफोन, सपोर्टअवर्स, सपोर्टयूआरएल अशा नोंदी करता येतात. काही करण्याआधी ती की एक्सपोर्ट करून ठेवा.

इथे एक महत्त्वाचा फरक. तुम्ही स्वतः असेंबल केलेला पीसी असेल तर ही जागा हक्कानं तुमची. पण ब्रँडेड लॅपटॉपमध्ये तिथे आधीच कंपनीची माहिती असते. ती पुसून स्वतःचं नाव टाकायचं नाही. वॉरंटीत कस्टमरला कंपनीचाच नंबर लागतो, आणि मॅन्युफॅक्चरर तुम्ही नाहीच. तसंच स्टिकरवर कंपनीचा लोगो किंवा 'अधिकृत सर्व्हिस सेंटर' लिहू नका, तुम्ही खरोखर नसाल तर.

आणि लक्षात ठेवा, विंडोज पुन्हा टाकलं की आतली माहिती जाते. स्टिकर राहतो.

माझी दुसरी चूक: वॉलपेपर

एका सीए साहेबांचा लॅपटॉप फॉरमॅट करून दिला आणि दुकानाच्या नावाचा मोठा वॉलपेपर टाकून दिला. न विचारता. त्यांनी तो अंबडच्या एका कंपनीत प्रोजेक्टरला जोडला, आणि सगळ्या डायरेक्टरांसमोर भिंतीवर 'लॅपटॉप रिपेअर, विंडोज इन्स्टॉलेशन, योग्य दरात'. ते चिडले नाहीत. फोनवर एवढंच म्हणाले, "भाऊ, माझ्या मशीनवर जाहिरात करायची तर आधी मला विचारायचं." परत आले नाहीत.

त्यांचं बरोबर होतं. 'इंटेल इनसाइड'चा स्टिकर सगळ्यांना माहीत आहे. १९९१ मध्ये ती मोहीम सुरू झाली तेव्हा इंटेलसारखी कंपनीसुद्धा ती जागा फुकट घेत नव्हती. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांच्या जाहिरातीच्या खर्चातला वाटा उचलत होती. आपण तर कस्टमरकडूनच पैसे घेतो.

म्हणून वॉलपेपर नाही. ब्राउजरचं होमपेज बदलायचं नाही. रिमोट सपोर्टचं सॉफ्टवेअर न सांगता ठेवायचं नाही. उद्या त्याच्या बँक खात्यात काही गडबड झाली तर पहिला संशय तुमच्यावर. आणि कस्टमरचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मशीनला चिकटवायचा नाही. बऱ्याच दुकानांत हे आजही चालतं.

विचारायचं कसं?

डिलिव्हरीच्या वेळी, मशीन चालू करून दाखवल्यावर. "काका, खालच्या बाजूला आमचा नंबर लावू का? काही अडलं तर शोधायला नको." बहुतेक लोक हो म्हणतात. नाही म्हणाले तर स्टिकर बिलाला लावून द्या. ऑफिसची मशीनं असतील तर आधी तिथल्या जबाबदार माणसाला विचारा.

आजचं काम

तुमच्या सध्याच्या स्टिकरवरचा नंबर कोणाच्या नावावर आहे ते बघा. मग दुसऱ्या फोनवरून त्या नंबरला कॉल लावा. फोन दुकानात वाजला तर पुढचे हजार स्टिकर छापा. दुसरीकडे वाजला, तर छपाई थांबवा आणि आधी ते सिम आपल्या नावावर करून घ्या.