गाणी गेली कुठे? घाबरू नका, शोधा!

दिवाळीची पहाट. दारात रांगोळी झाली, उटण्याचा वास घरभर दरवळला. आता भक्तिगीते लावावीत म्हणून संगणक सुरू केला, तर गाण्यांची यादी रिकामी! अशा वेळी घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "हे फुकटचे लिनक्स नकोच होते." दुसरा म्हणतो, "सगळे पुसून नव्याने बसवू या."

दुसरा सल्ला फार धोक्याचा आहे. बाजारातली गाणी पुन्हा मिळतील. पण कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या आजीच्या ओव्या, मुलीचे पहिले बोबडे गाणे, वडिलांनी म्हटलेली आरती यांची दुसरी प्रत जगात कुठेच नसते. म्हणूनच काहीही पुसण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे, हे पाहायला हवे.

यादी वेगळी, गाणी वेगळी

लिनक्सवर रिदमबॉक्स, क्लेमेंटाईन, स्ट्रॉबेरी, अमारोक असे अनेक प्लेअर मिळतात. यांतील कोणताही प्लेअर म्हणजे गाण्यांचे कपाट नव्हे. ती कपाटावर चिकटवलेली यादी आहे. यादी फाटली म्हणून कपाटातले सामान नाहीसे होत नाही. गाणी असतात फोल्डरमध्ये, बहुधा 'म्युझिक' नावाच्या. म्हणून आधी 'फाइल्स' उघडून तो फोल्डर पाहा. गाणी तिथे दिसली, की निम्मी काळजी मिटली.

गाणी दुसऱ्या डिस्कवर ठेवली असतील, तर बरेचदा ती डिस्क उघडलेलीच नसते. रिदमबॉक्स अशी गाणी 'मिसिंग फाइल्स' या सदरात टाकतो. प्लेअर बंद करा, 'फाइल्स'मध्ये त्या डिस्कवर क्लिक करून ती उघडा आणि प्लेअर पुन्हा सुरू करा. बहुतेक वेळा गाणी परत जागेवर येतात.

डिस्क जागेवर असूनही यादी रिकामीच राहिली, तर यादीच बिघडली असे समजावे. रिदमबॉक्स आपली यादी होम फोल्डरमधील 'लोकल' या लपलेल्या फोल्डरात, 'शेअर'च्या आत, 'रिदमबॉक्स' नावाने ठेवतो. कंट्रोल आणि एच ही बटणे एकत्र दाबली की लपलेले फोल्डर दिसतात. प्लेअर बंद करून या फोल्डरचे नाव बदला; तो पुसू मात्र नका. कारण गाण्यांना दिलेले तारे आणि निवडक गाण्यांच्या याद्या त्यातच असतात. मग प्लेअर उघडून गाण्यांचा फोल्डर पुन्हा जोडा. नवी यादी तयार होते.

आणखी एक सावधगिरी. गाण्यावर उजवे क्लिक केल्यावर 'रिमूव्ह' आणि 'मूव्ह टू ट्रॅश' असे दोन पर्याय दिसतात. पहिल्याने गाणे फक्त यादीतून जाते, दुसऱ्याने ते गाणेच कचरापेटीत जाते. मुलांना हा फरक जरूर सांगून ठेवा.

गाणे दिसते, पण वाजत नाही

तेच गाणे व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावून पाहा. तिथे वाजले, तर गाणे शाबूत आहे. रिदमबॉक्सला ते उलगडणारा कोडेक मिळालेला नाही. एमपीथ्रीवर पेटंट असल्याने पूर्वी अनेक लिनक्समध्ये हा कोडेक आधीपासून दिलेला नसे. २०१७ साली त्याचा परवाना कार्यक्रम संपला आणि ती अडचण सरली. पण मोबाइलवर केलेले रेकॉर्डिंग बरेचदा एएसी प्रकारचे असते. उबंटूमध्ये 'उबंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज' हे पॅकेज बसवल्यावर बहुतेक प्रकार वाजू लागतात.

व्हीएलसीमध्येही आवाज नसेल, तर दोष प्लेअरचा नसून आवाजाच्या वाटेचा असण्याची शक्यता जास्त. सेटिंग्जमधील 'साउंड'मध्ये 'आउटपुट' कुठे लावले आहे ते पाहा. मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला, की कधी कधी आवाज त्याच्याकडे वळतो आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतो! ब्लूटूथ हेडफोन कपाटात पडून चालू राहिला, तरी हीच गंमत होते. शिवाय प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो, त्यामुळे एकटा प्लेअरच मुका झालेला असू शकतो. एवढे करूनही शांतताच असेल, तर लॉग आउट होऊन पुन्हा आत या. त्याने आवाज वाहून नेणारी पाइपवायर किंवा पल्सऑडिओ ही यंत्रणा नव्याने सुरू होते.

नावांच्या जागी चित्रविचित्र खुणा

जुन्या मराठी गाण्यांची नावे कधी कधी वाचताच येत नाहीत. एमपीथ्रीच्या जुन्या टॅगमध्ये गाण्याच्या नावासाठी जेमतेम ३० बाइट जागा असे आणि लिपी कोणती हे त्यात नोंदवलेलेच नसे. आजच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे ३० बाइटमध्ये जेमतेम दहा चिन्हे! काना-मात्राही त्यातच मोजायचे. 'किडथ्री' किंवा 'ईझीटॅग' या मोफत प्रोग्रामने नव्या प्रकारच्या टॅगमध्ये नावे लिहून घ्या. मात्र गायिकेचे नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा. नाहीतर यादीत एकीच्या तिघी होतात!

एवढे मात्र कराच

घरच्या माणसांच्या आवाजाचे रेकॉर्डिंग वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. फाइलच्या नावातच कोणाचा आवाज, कोणते साल हे लिहा. मग त्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावातील भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी म्हणा, त्या प्रती उघडून वाजवून पाहा.

प्लेअर काय, पुन्हा बसवता येतो. आजीचा आवाज पुन्हा रेकॉर्ड करता येत नाही.