पेपरात आलं नाही म्हणजे घडलंच नाही का?

“पेपरात आलंय का?”

कुहीसारख्या तालुक्याच्या गावात एखादी गोष्ट खरी की खोटी हे ठरवायचा हा जुना प्रश्न. बसस्टँड असो, पंचायत समितीच्या पायऱ्या असोत की हळदीकुंकवाला जमलेल्या बायका, “अगं, पेपरात आलंय” म्हटलं की समोरची गप्प होते. हातोहाती मोबाईल आले तरी छापील अक्षराचा हा मान अजून गेलेला नाही. पण मैत्रिणींनो, जे आलं ते का आलं आणि जे आलं नाही ते का आलं नाही, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. शेवटी हे ठरवतं तरी कोण?

बातमी आभाळातून पडत नाही, ती निवडली जाते. दळण दळून आणलं की आपण पीठ चाळतो, तसंच हे. चाळणीची भोकं केवढी, यावर खाली काय पडणार आणि वर काय राहणार हे ठरतं.

चाळणी कशी चालते?

तालुक्याचा वार्ताहर बहुधा पगारी नोकर नसतो. कुणाचं दुकान असतं, कुणी वर्गणी आणि जाहिरातीही तोच गोळा करतो. सकाळी तो पोलीस ठाण्यात फोन करतो, तहसील आणि बाजार समितीत चक्कर मारतो, कुणी दिलेली प्रेसनोट उचलतो. संध्याकाळपर्यंत मजकूर नागपूरला जातो. तिथला उपसंपादक कुहीत कधी आलेला असेलच असं नाही. त्याच्यापुढे तेरा तालुक्यांचा ढीग असतो, जाहिराती लागून उरलेली जागा असते आणि घड्याळ असतं. काय पहिल्या पानावर, काय आतल्या पानावर एका कॉलमात आणि काय टोपलीत, हे तो काही मिनिटांत ठरवतो.

तो दुष्ट असतो असं नाही. त्याच्या हाताला काही ठोकताळ्यांची सवय झालेली असते. योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या नॉर्वेच्या दोन अभ्यासकांनी 1965 साली हे ठोकताळे कागदावर मांडले. काँगो, क्युबा आणि सायप्रसमधल्या संकटांच्या बातम्या नॉर्वेतल्या पेपरांनी कशा दिल्या, हे त्यांनी तपासलं. त्यांचं सांगणं साध्या भाषेत असं : जे अचानक घडतं, जे जवळचं वाटतं, ज्यात मोठी माणसं असतात, जे वाईट असतं आणि जे चटकन समजतं, ते बातमी होतं. हळूहळू होणारं मागे पडतं.

आता हीच चाळणी आपल्या कुहीला लावून बघा.

मिरचीचा भाव चढला किंवा पडला, की बातमी. पण कुही, मांढळ, भिवापूर या पट्ट्यात मिरचीच्या सातऱ्यावर दिवसभर देठ खुडणाऱ्या बायकांच्या हातांची आग, डोळ्यांची चुरचुर, रात्री लेकराला जवळ घेताना वाटणारी भीती? ती रोजचीच. रोजचं असतं ते ‘आज’चं नसतं, म्हणून ते बातमी नसतं.

नागनदीच्या सौंदर्यीकरणाची घोषणा नागपुरात झाली की ती मोठ्या मथळ्यात येते. शहराचं सांडपाणी घेऊन तीच नदी आपल्या तालुक्यातून वाहत कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सगळं पाणी गोसेखुर्दच्या जलाशयात जातं. घोषणेला तारीख असते. काठावरच्या दुर्गंधीला तारीख नसते.

आंभोऱ्याला वैनगंगेवरचा नवा पूल झाला. उंचावरच्या गॅलरीतून दिसणारं ते पाणी फोटोत फार छान येतं, म्हणून पुलाच्या बातम्याही भरपूर आल्या. त्या धरणाची पायाभरणी 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते झाली, तेव्हाही बातमी आली होती. 2009 साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, तेव्हाही आली. मधल्या वर्षांत ज्या बायकांनी घरातली चूल, अंगणातली तुळस आणि शेजारणी सोडून पुनर्वसनाच्या नव्या गावात पुन्हा संसार मांडला, त्यांच्यासाठी असा कुठला एक दिवस नव्हता. संसार मांडणं वर्षानुवर्षं चालतं, त्याचं उद्घाटन होत नाही.

पहिला फोन ठाण्याला

चाळणी नुसती गाळत नाही, कधी कधी बातमीला चुकीचा रंगही देते. याचं सर्वांत वेदनादायक उदाहरण शेजारच्याच भंडारा जिल्ह्यातलं आहे. खैरलांजी, तालुका मोहाडी, 29 सप्टेंबर 2006. सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी आणि दोन मुलं अशा दलित कुटुंबातल्या चौघांना गावातल्या जमावानं ठार मारलं. नवरा भैयालाल तेवढे वाचले. जमिनीतल्या रस्त्याचा जुना वाद होता. शिवाय मारहाणीच्या एका प्रकरणात सुरेखाबाईंनी साक्ष दिली होती.

चार जीव गेले. ठोकताळ्यांनुसार ही मोठी बातमी व्हायला हवी होती. पण जवळजवळ महिनाभर राज्यातल्या मोठ्या माध्यमांना तिचं गांभीर्य कळलं नाही. सुरुवातीच्या काही बातम्यांत तर कारण म्हणून बाईच्या ‘अनैतिक संबंधां’चा उल्लेख आला. वार्ताहराचा पहिला फोन ठाण्याला जातो. मग गावातली वजनदार मंडळी आणि ठाणं जे सांगेल, ती पहिली बातमी होते. मारली गेलेली बाई आपली बाजू सांगायला उरलेली नसते. आणि बाईच्या बाबतीत ‘तसलं काही असेल’ हे कारण इतकं हाताशी असतं, की ते तपासून बघावं असं कुणाला वाटत नाही.

घटनेनंतर तीनच दिवसांनी दसरा होता. धम्मदीक्षेच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त नागपुरात दीक्षाभूमीवर लाखो माणसं जमली. एवढ्या गर्दीची बातमी झाली, खैरलांजीची मात्र झाली नाही.

नंतर काय बदललं? कार्यकर्ते गावात गेले. सत्यशोधन समित्यांनी कुठे काय घडलं, कोण काय म्हणालं हे लिहून काढलं. नोव्हेंबरात भंडारा, नागपूर आणि विदर्भभर मोर्चे निघाले, त्यांत बायाही मोठ्या संख्येनं होत्या. तेव्हा कुठे कॅमेरे आले. तपास सीबीआयकडे गेला. 2008 साली भंडाऱ्याच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. 2010 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं फाशीऐवजी 25 वर्षांची कैद केली. ॲट्रॉसिटीचं कलम मात्र दोन्ही न्यायालयांत टिकलं नाही. सुरुवातीचे ते दिवस पुराव्यांच्या दृष्टीनं किती मोलाचे होते! बातमी उशिरा होणं म्हणजे नुसता पेपरचा दोष नाही, त्याची किंमत माणसांना मोजावी लागते.

एका पत्रानं केलेली बातमी

असंच आणखी आधी झालं होतं. 1972 च्या मार्चमध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. देसाईगंज म्हणजे वडसा, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं. ‘मथुरा प्रकरण’ म्हणून आपण ते ओळखतो. सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं, नागपूर खंडपीठानं दोषी धरलं आणि 1978 साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. मुलीनं आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, असा तो युक्तिवाद होता. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल! पण वर्षभर त्याची फारशी चर्चासुद्धा नव्हती.

सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पोलीस ठाण्यात घाबरून गप्प राहिलेल्या मुलीची ‘संमती’ होती, असं कसं म्हणता? त्या पत्रानं निकालाची बातमी झाली. 8 मार्च 1980 ला गावोगावच्या शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. 1983 साली कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचाराला वेगळी, कडक शिक्षा आली आणि पीडितेचं नाव छापायला बंदी आली. म्हणजे पेपरवाल्यांनी काय छापायचं नाही, हेसुद्धा या प्रकरणानं ठरवून दिलं.

मोजणीत नाही, म्हणून बातमीत नाही

आता आपल्या शेतांकडे या. मुंबईत 2006 साली लॅक्मे फॅशन वीक भरला होता. कापसाच्या कपड्यांवर भर होता. पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं, की त्या सोहळ्याला 512 नोंदणीकृत पत्रकार हजर होते. त्याच काळात तो कापूस पिकवणाऱ्या विदर्भात शेतकरी जीव देत होते आणि ते टिपायला बाहेरून आलेले पत्रकार होते फक्त सहा. त्याच वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि माध्यमांच्या गाड्यांची रांग लागली. दुःख तेच होतं. मोठा माणूस आला, म्हणून ती बातमी मोठी झाली.

पण या बातमीतही एक बाई गाळली गेली. निंदण, खुरपण, वेचणी करणारी बाई. मदतीसाठी पात्र कोण, हे ठरवताना सातबारा बघितला जातो, बँकेचं कर्ज बघितलं जातं. सातबारा बहुतेक घरांत नवऱ्याच्या नाही तर सासऱ्याच्या नावावर. मग शेतात उभी हयात घालवलेल्या बाईनं जीव दिला, तर तो ‘शेतकरी आत्महत्या’ या रकान्यात जात नाही. कारण ‘घरगुती’ ठरतं. रकान्यात नाही म्हणून आकड्यात नाही, आकड्यात नाही म्हणून मथळ्यात नाही. पेपरची चाळणी तर नंतर येते, त्याआधी तलाठ्याच्या दप्तरातच एक चाळणी लागलेली असते.

मग आपण काय करायचं?

“हे काय सांगायचं पेपरवाल्याले? हे तं रोजचंच आहे,” असं आपल्याकडच्या कितीतरी बाया म्हणतात. पण वरच्या गोष्टी पुन्हा वाचा. प्रत्येक ठिकाणी बदल तेव्हा झाला, जेव्हा कुणीतरी घडलेलं नीट लिहून काढलं आणि पुढे केलं.

हे काम बायांना नवीन नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे पेपर वाचत. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर बाळाच्या खुनाचा खटला चालला, तेव्हा पेपरांतून साऱ्या विधवांच्या चारित्र्यावर चिखलफेक झाली. ताराबाईंनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुण्यात छापून घेतलं. दोष द्यायचा तर पुरुषाला का नाही, असा सरळ सवाल! तिकडे उत्तर प्रदेशात चित्रकूटच्या गावाकडच्या बायांनी तर 2002 साली स्वतःचंच ‘खबर लहरिया’ हे पत्र काढलं. पाणी, रेशन, रस्ता, अत्याचार ही त्यांची पहिल्या पानाची बातमी. त्यांच्यावरचा माहितीपट 2022 साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला.

आपल्याला लगेच पेपर काढायचा नाही. पण चाळणी कशी चालते हे कळलं, तर आपलं म्हणणं तिच्यातून खाली पडेल असं मांडता येतं. ‘पाणी येत नाही’ ही तक्रार झाली. ‘आमच्या वॉर्डात गेल्या 30 दिवसांत 11 दिवस नळ आला नाही, या त्या तारखा’ ही बातमी झाली. रोजच्या दुखण्याला तारीख आणि आकडा दिला, की ते ‘आज’चं होतं. एकटीनं सांगितलं तर गाऱ्हाणं वाटतं, बचत गटाच्या वीस जणींनी सह्या करून दिलं तर दखल घ्यावी लागते. महिला ग्रामसभेत ठराव करून घ्या, त्याची प्रत मागून घ्या. 2005 पासून माहितीचा अधिकार आहे. साध्या कागदावर अर्ज करून किती निधी आला आणि कुठे खर्च झाला हे विचारता येतं, आणि आलेलं उत्तर हाच पुरावा असतो. वार्ताहराला फक्त कार्यक्रमाच्या फोटोसाठी बोलावू नका, आपल्या सातऱ्यावर, आपल्या विहिरीवरही बोलवा. आणि ठाण्याची बाजू छापून आली असेल, तर आमचीही घ्या, असं ठणकावून सांगा. वाचकांच्या पत्रात लिहा.

घरात सातबारा निघाला की त्यावर आपलं नाव आहे का, तेवढंही बघून घ्या. नसेल तर विषय काढा. वाद होईल, पण नाव नसल्याची किंमत त्याहून जास्त आहे.

आणि हो, आपल्या स्वयंपाकघरात भिंतीला दिनदर्शिका टांगलेली असते. दूध किती आलं, सिलिंडर कधी लागला, भिशीचा हप्ता कधीचा, सगळं आपण त्यावर चोख लिहून ठेवतो. महिनाअखेरीला दूधवाला एका लिटरचासुद्धा घोळ करू शकत नाही. त्याच चौकोनांत आता आणखी थोडं लिहायला लागू या : आज नळ आला नाही, आज रेशनला परत पाठवलं, आज अंगणवाडी बंद होती, आज रोजी एवढीच मिळाली. वर्षाच्या शेवटी ही दिनदर्शिका रद्दीत देऊ नका. तिच्यात बारा महिन्यांच्या बातम्या असतील, तारखेसकट.