नंबर वाढतो, तो चष्म्यामुळे नव्हे

चौथीतल्या मुलाला फळ्यावरचं दिसेनासं झालं, की घरात आधी गाजरं येतात. मग आजी म्हणते, ''इतक्यात चष्मा नको रे, एकदा लागला की सुटत नाही.'' त्यावर तोडगा म्हणून काही आईवडील डॉक्टरांनाच गळ घालतात, की नंबर थोडा कमीच द्या. मलेशियात हा तोडगा मुलांवर तपासून पाहिला गेला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कमी नंबरचा चष्मा वापरणाऱ्यांचाच नंबर जास्त वाढला.

मायनस नंबर हा बहुतेकदा डोळ्याच्या लांबीचा मामला असतो. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर भरतो. वाढ वेळेत थांबली नाही, तर प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. एक मिलिमीटर जास्त झाला की अडीच-तीन नंबर आलेच. लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही, तिथे गाजर काय करणार? पुढे लेसरने चष्मा जाईल, पण ताणलेला पडदा तसाच राहतो. सहाच्या पुढच्या नंबरात तो सुटण्याची आणि काचबिंदूची भीती वाढते. म्हणून लहानपणीच वेग कमी करायचा.

पहिला उपाय फुकट आहे, आणि नेमका तोच कुणाला परवडत नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. वर्गात उजेड ३००-५०० लक्स, बाहेर उन्हात दहा हजारांच्या वर. त्या उजेडाने पडद्यात डोपामिन वाढतं आणि लांबीला आवर बसतो, असं मानलं जातं. झाडाची सावलीही चालते. रात्री दिव्यांखाली टर्फवर खेळणं मात्र यात धरू नका. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांसाठी रोज दोन तास बाहेर, असा धडाका लावला. आपल्याकडे त्या दोन तासांत क्लास असतो.

मात्र ऊन नंबर लागण्याआधी जास्त उपयोगी. लागल्यावर डॉक्टर रात्री झोपताना ॲट्रोपिनचा अगदी सौम्य थेंब देतात. हाँगकाँगच्या चाचणीत ०.०१, ०.०२५ आणि ०.०५ टक्क्यांपैकी ०.०५ सर्वांत प्रभावी ठरला. हे थेंब मनाने सुरू करू नयेत, मनाने थांबवूही नयेत. वाढीचा वेग कमी करणारे खास भिंगांचे चष्मेही मिळतात, पण महाग. आलेला नंबर यातलं काहीही उतरवत नाही, तेव्हा 'चष्मा घालवतो' म्हणणाऱ्याच्या दारात उभं राहू नका.

आईवडील दोघांनाही मायनस नंबर असेल, तर मूल तक्रार करेपर्यंत थांबू नका. बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासणी करून घ्या. त्याशिवाय मुलांचा खरा नंबर कळत नाही. आणि सोय असेल तिथे डोळ्याची लांबीही मोजून मागा.