सहा वर्षांआधीच्या मुलाचा हक्क कुठे आहे?

मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही. हाक मारली तर वळून पाहत नाही. तासन्‌तास गाडीचे एकच चाक फिरवत बसते. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘याचा बापही उशिराच बोलला होता.’ शेजारीण म्हणते, ‘नजर लागली असेल, अंगारा लावून पाहा.’ आणखी कुणीतरी एखाद्या बाबाचा पत्ता देते. अशा सल्ल्यांत दोन-तीन वर्षे निघून जातात आणि नेमकी तीच वर्षे सर्वांत मोलाची असतात. आपल्या अनेक वस्त्यांमधील हे वास्तव आहे.

डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात, त्याला मराठीत स्वमग्नता असा शब्द आहे. तो मेंदूच्या जडणघडणीतील फरक आहे. ते पूर्वजन्मीचे पाप नाही, करणी नाही आणि आईच्या संगोपनातील खोटही नाही. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी याचे सविस्तर वर्णन केले. त्यानंतर कित्येक वर्षे तिकडचे विद्वानसुद्धा आईच्या ‘थंडपणा’ला दोष देत राहिले. विज्ञानाने तो आरोप खोडून काढला. लसीमुळे ऑटिझम होतो, असे सांगणारा १९९८ चा निबंधही ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तरीही आपल्याकडे सून अजून दोषी ठरते, ही शोकांतिका आहे.

मग ओळखायचे कसे? नऊ महिन्यांचे बाळ नावाने हाक मारल्यावर प्रतिसाद देत नाही. वर्षाचे झाले तरी टाटा करणे, हात पुढे करणे अशा खुणा करत नाही. दीड वर्षाचे झाले तरी चांदोबा किंवा कुत्रा बोट करून आईला दाखवत नाही. दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही. किंवा आलेले शब्द अचानक गमावते. यातले काहीही दिसले, तर थांबू नये. आधी कान तपासावेत आणि मग बालविकासाच्या जाणकाराकडे जावे. प्रत्येक वेळी ऑटिझमच निघेल असे नाही. पण तपासून घेतल्याने नुकसान काहीच होत नाही, वाट पाहण्याने मात्र होते.

वर्तनोपचार म्हणजे इंजेक्शन नव्हे, गोळीही नव्हे. एखादे कौशल्य लहान लहान पायऱ्यांत तोडायचे, मुलाला आवडणाऱ्या गोष्टीतून ते शिकवायचे आणि जमले की लगेच शाबासकी द्यायची. पाणी हवे असेल तर रडण्याऐवजी ग्लासकडे बोट दाखवायचे, तेही जमल्यावर ‘पाणी’ म्हणायचे. यात आई-बाप हेच सर्वांत मोठे शिक्षक असतात, कारण मूल दिवसभर त्यांच्याजवळ असते. पूर्वी या पद्धतीत शिक्षेचाही वापर होत असे. आज मारझोडीला तिथे जागा नाही. मूल ‘दुरुस्त’ करणे हा हेतू नसून, त्याला आपले म्हणणे सांगता यावे, हा आहे. पूर्ण बरे करण्याची हमी देऊन लाखो रुपये उकळणाऱ्यांपासून सावध राहावे. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचार करू नयेत, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्येच सांगितले आहे.

आता कायद्याकडे वळू. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तो प्रथम घेतला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने त्याला २१ दिव्यांगत्वांत स्थान दिले. पण खरी गोम पुढे आहे. संविधानाच्या अनुच्छेद २१-क प्रमाणे शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आहे. २०१६ च्या कायद्यातील कलम ३१ चे मोफत शिक्षणही सहाव्या वर्षापासूनच सुरू होते. त्याआधीच्या मुलांसाठी अनुच्छेद ४५ म्हणते की, राज्य ‘प्रयत्न करील’. म्हणजे ज्या वयात उपचारांचा लाभ सर्वाधिक, त्याच वयात हक्क सर्वांत दुबळा! श्रीमंत बाप ही पोकळी पैशाने भरून काढतो. बिगारी काम करणाऱ्या बापाने काय करावे?

तरीही हात अगदी रिकामे नाहीत. याच कायद्याचे कलम २५ शासनाला आणि स्थानिक प्राधिकरणांना सर्व बालकांची वर्षातून किमान एकदा तपासणी करायला सांगते. त्यात वयाची अट नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याच्या पथकाने प्रत्येक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचे असते आणि संशयित मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे असते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण मिळते.

प्रश्न अंमलबजावणीचा आहे आणि ती मागितल्याशिवाय होत नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी माझ्याकडे येणारे बहुतेक पालक मूल सात-आठ वर्षांचे झाल्यावर येतात. तोवर त्यांना या केंद्राचे नावसुद्धा कुणी सांगितलेले नसते. म्हणून कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात तीन साधे प्रश्न विचारावेत. आपल्या अंगणवाडीत पथक शेवटचे कधी आले? किती मुले पुढे पाठवली? जिल्हा केंद्रात वाचा-उपचार आणि वर्तनोपचार करणाऱ्यांची किती पदे रिकामी आहेत? उत्तर असमाधानकारक असेल, तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी.

रविवारी विहारात जमणाऱ्या आपल्या माता-भगिनींना वर सांगितलेल्या खुणा पाठ असायला हव्यात. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना बोलावून एक बैठक घ्यायला खर्च येत नाही. जयंतीच्या वर्गणीतून एखाद्या मुलाच्या जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्या-येण्याचे भाडे निघाले, तर ती जयंती अधिक सार्थकी लागेल.

शिका, असे आपण अभिमानाने सांगतो. जे मूल हाकेला वळून पाहत नाही, त्यालाही शिकण्याचा तितकाच हक्क आहे. तो मागायला ते स्वतः येऊ शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने आपण गेले पाहिजे, आणि ते सहा वर्षांचे होण्याआधी गेले पाहिजे.